इंग्रजी वाक्य पूर्ण झालं, हे कसं ओळखायचं?

नोकरीच्या अर्जाचं एक पत्र गेल्या महिन्यात माझ्याकडे तपासायला आलं. लिहिणारी मुलगी बी.कॉम. झालेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. वाचन चांगलं, शब्दांची अडचण नाही, स्पेलिंगची एकही चूक नाही. तरीही ते पत्र वाचताना मी दर ओळीला ठेचकाळत होते. पत्राचा मधला भाग असा होता:

‘विथ रेफरन्स टू युअर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट. आय विश टू अप्लाय फॉर द सेम. आय हॅव वर्क्ड इन अ ट्रेडिंग फर्म फॉर टू इयर्स. व्हेअर आय हँडल्ड जीएसटी रिटर्न्स अँड डेली बिलिंग. आय लेफ्ट द जॉब इन मार्च. बिकॉज द ऑफिस शिफ्टेड टू अनदर सिटी. होपिंग फॉर अ पॉझिटिव्ह रिप्लाय.’

सात पूर्णविराम आहेत, म्हणजे लिहिणारीच्या मते सात वाक्यं. त्यांतली पूर्ण वाक्यं तीनच. उरलेले चार तुकडे आहेत. इंग्रजीत अशा तुकड्याला फ्रॅगमेंट म्हणतात. मराठी माणसाच्या इंग्रजी लेखनात हा दोष इतका सर्रास आढळतो की त्यावर सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. या मुलीच्या पत्रात त्याचे चारही मुख्य प्रकार एका जागी सापडले, म्हणून तिच्या परवानगीने तेच पत्र समोर ठेवते आहे.

इंग्रजी उदाहरणं मी देवनागरीतच देते आहे. ती नुसती डोळ्यांखालून न घालता मोठ्याने वाचावीत. वाक्य कुठे संपतं हे ओळखण्याचं काम डोळ्यांपेक्षा कानाचं जास्त आहे, आणि कानाला लिपीचा अडसर नसतो.

शाळेत आपण सगळ्यांनी एक व्याख्या पाठ केलेली असते: पूर्ण अर्थ देणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य. ती चुकीची नाही, पण लिहायला बसल्यावर तिचा उपयोग होत नाही. ‘बिकॉज द ऑफिस शिफ्टेड टू अनदर सिटी’ याचा अर्थ कुणाला कळत नाही? मागचं वाक्य डोक्यात ताजं असतं, त्याच्या आधाराने पुढचा तुकडाही पुरा वाटतो. चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९५२ साली इंग्रजीच्या रचनेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा वाक्याच्या दोनशेहून जास्त व्याख्या उपलब्ध असल्याचं त्याने नोंदवलं होतं. अभ्यासकांचं जिथे एकमत नाही, तिथे आठवीतल्या मुलाने ‘पूर्ण अर्थ’ कशाने मोजायचा? त्यापेक्षा हाताला लागतील अशा खुणा शिकाव्यात. त्या तीनच आहेत. कर्ता आहे का? खरं क्रियापद आहे का? आणि सगळं असूनही एखाद्या जोडशब्दाने त्याला दुसऱ्या वाक्याला टांगून ठेवलेलं नाही ना?

पहिल्यांदा क्रियापद घेऊ, कारण इथे मराठी व्याकरण आपल्याला अगदी तयार हत्यार देतं. क्रियापदाची आपली शाळेतली व्याख्या मला फार मोलाची वाटते: वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द. क्रिया दाखवली, पण अर्थ पूर्ण केला नाही, तर तो शब्द क्रियापद नव्हे, धातुसाधित. ‘जाणारा’, ‘जाताना’, ‘जाऊन’, ‘गेलेला’, ‘जायला’ हे सगळे ‘जा’ या एकाच धातूचे, पण यांतल्या एकावरही वाक्य टेकत नाही. ‘मी बाजारात जाऊन’ एवढं बोलून कुणी गप्प बसलं, तर आपण लगेच विचारतो, ‘जाऊन काय?’

इंग्रजीत नेमका हाच भेद आहे. ‘गो’, ‘गोज’, ‘वेंट’ ही क्रियापदं. ‘गोइंग’, ‘टू गो’, ‘गॉन’ ही धातुसाधितं. ‘टू पास द एक्झामिनेशन इन द फर्स्ट अटेम्प्ट’ हा तुकडा मराठीत आणा: ‘पहिल्याच प्रयत्नात परीक्षा पास व्हायला’. कान लगेच म्हणतो, पुढे बोला. पत्रातला शेवटचा तुकडा, ‘होपिंग फॉर अ पॉझिटिव्ह रिप्लाय’, मराठीत होतो ‘होकारार्थी उत्तराची आशा धरून’. धरून काय? तिथे क्रियापदच नाही.

इंग लागलेल्या शब्दांनी आपली फसगत का होते, हे समजून घ्यायला हवं. मराठीत ‘ती जात’ एवढ्यावर कुणी थांबणार नाही, ‘आहे’ लागतंच. पण बोलताना ‘जात आहे’चं ‘जातेय’ होतं. ‘आहे’ त्या शब्दात विरघळून जातं आणि आपल्याला एकच शब्द ऐकू येतो. मग ‘शी गोइंग टू ऑफिस’ यातही सगळं आलं असं वाटतं. इंग्रजीत ‘इज’ असं मुरत नाही. ‘शीज’ म्हटलं तरी त्यातला ‘ज’ उच्चारावा लागतो आणि लिहावाही लागतो. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी कुणाचा हात धरला असेल, तरच इंगवाला शब्द क्रियापद म्हणून उभा राहतो.

पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘थँकिंग यू’, ‘अवेटिंग युअर रिप्लाय’, ‘रिक्वेस्टिंग यू टू ग्रांट मी लीव्ह’ या ओळी आपल्या सरकारी आणि शाळकरी पत्रव्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांचं मूळ पाहण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजी पत्रांत ‘थँकिंग यू’च्या पुढे ‘आय रिमेन’ असे शब्द असत आणि त्यांच्या मागोमाग ‘युअर्स फेथफुली’ किंवा ‘युअर ओबीडियंट सर्व्हंट’ आणि सही. म्हणजे ‘आपले आभार मानत मी राहतो आपला आज्ञाधारक सेवक’, असं ते एक सलग वाक्य होतं. काळाच्या ओघात ‘आय रिमेन’ गळून पडलं आणि ‘थँकिंग यू’ अधांतरी राहिलं. ‘थँकिंग यू’ लिहून स्वल्पविराम देऊन सही करण्याची रीत अजून चालते आणि त्यावरून कुणी अर्ज फेटाळणार नाही. पण माझं मत विचाराल, तर ‘थँक यू फॉर युअर टाइम’ किंवा ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ असं लिहावं. वाक्य पुरं होतं आणि आजच्या वाचणाऱ्याला ते जास्त आपुलकीचंही वाटतं.

ईडी लागलेल्या शब्दांचा सापळा आणखी खोल आहे, कारण एकच रूप दोन्ही कामं करतं. ‘द बॉय इंजर्ड हिज लेग’ हे पूर्ण वाक्य: मुलाने पाय दुखावून घेतला. ‘द बॉय इंजर्ड इन द अ‍ॅक्सिडेंट’ हा तुकडा: अपघातात जखमी झालेला मुलगा. इंग्रजीत ‘इंजर्ड’ दोन्हीकडे तसाच आहे. मराठीत मात्र ‘घेतला’ आणि ‘झालेला’ अशी स्वच्छ फारकत होते. म्हणून शंका आली की मराठी करून पाहावं. ‘-ला, -ली, -लं’ आलं तर क्रियापद. ‘-लेला, -लेली, -लेलं’ आलं तर धातुसाधित. ‘द मनी डिपॉझिटेड इन द बँक लास्ट वीक’ म्हणजे काय? गेल्या आठवड्यात बँकेत भरलेले पैसे. ‘भरलेले’ आलं, म्हणजे वाक्य अजून व्हायचं आहे. त्या पैशांचं पुढे काय झालं ते सांगा, किंवा ‘वॉज डिपॉझिटेड’ करा.

आता कर्ता. मराठी क्रियापद बोलकं असतं. ‘आलो’, ‘आलास’, ‘आली’, ‘आल्या’ यांतून कोण आलं ते कळतं, म्हणून ‘काल रात्री उशिरा आलो’ हे निखालस पूर्ण वाक्य आहे. इंग्रजी क्रियापदाचे प्रत्यय जुन्या काळी बरेच होते, ते झिजत गेले. आज ‘केम’वरून मी आलो, तू आलास की त्या आल्या, काहीच समजत नाही. त्यामुळे ‘केम लेट लास्ट नाइट’ चिठ्ठीत किंवा मोबाइलवरच्या निरोपात चालेल, अर्जात नाही. मराठीत तर काही क्रियापदांना कर्ताच नसतो. ‘फार उकडतंय’, ‘सांजावलं’, ‘मळमळतंय’. आपल्या व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. कोण उकडतंय, असा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्रजीला ही मोकळीक नाही. तिथे दुसरं कुणी नसेल तर ‘इट’ला कर्त्याच्या खुर्चीत बसवावं लागतं: ‘इट इज व्हेरी हॉट’, ‘इट इज गेटिंग डार्क’, ‘इट इज टेन ओ’क्लॉक’. ‘इज व्हेरी हॉट टुडे’ असं आपल्या हातून जातं ते आपल्या भाषेच्या या सवयीमुळे.

याच्या उलट, मराठी क्रियापदालाही रजा देते. ‘आज सोमवार.’ ‘हा माझा धाकटा भाऊ.’ ‘वडील शिक्षक, आई गृहिणी.’ बोलीत आणि लेखनात ही सगळी वाक्यं सुखाने नांदतात. इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी ‘इज’ लागतं. ‘माय फादर टीचर’ असं सहसा कुणी लिहीत नाही, पण वाक्य लांबलं की ‘इज’ हमखास निसटतं: ‘माय फादर अ रिटायर्ड टीचर फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज निअर सातारा.’

यावरून लांबीबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करते. लांब ते पूर्ण आणि लहान ते अपूर्ण, असं अजिबात नाही. ‘बर्ड्स फ्लाय’ हे दोन शब्दांचं पूर्ण वाक्य आहे. ‘सिट’ हे एका शब्दाचं पूर्ण वाक्य आहे, कारण आज्ञार्थात ‘यू’ हा कर्ता समजून घेतलेला असतो. उलट, ‘द ओल्ड बॅनियन ट्री स्टँडिंग बिहाइंड अवर स्कूल निअर द टेंपल व्हेअर वी प्लेड एव्हरी समर’ एवढे सोळा-सतरा शब्द ओलांडूनही वडाने काय केलं किंवा वडाचं काय झालं, ते आलेलंच नाही. ‘स्टँडिंग’ म्हणजे ‘उभा असलेला’. ‘प्लेड’ हे खरं क्रियापद आहे, पण ते आपल्या खेळण्याचं, वडाचं नव्हे. शब्द मोजू नयेत. मुख्य कर्त्यावर बोट ठेवावं आणि त्याचं क्रियापद शोधावं.

आता तिसरी खूण, जोडशब्दाची. चांगली इंग्रजी लिहिणारेही सगळ्यांत जास्त इथेच घसरतात, म्हणून इथे जरा थांबते.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘आहे’, ‘केलं’, ‘गेले’ असं ऐकू आलं की वाक्य संपलं, हे कान जन्मापासून शिकलेला असतो. एके काळी आपल्याला पूर्णविरामाची गरजच भासत नव्हती. मोडीतले जुने कागद पाहिले तर विरामचिन्हं नाहीत, शब्दांमध्ये मोकळी जागाही नाही, ओळ अखंड वाहते. तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळत असे, कारण ‘करणे’, ‘असे’, ‘पाठविले’ या शब्दांनीच ते जाहीर केलेलं असे. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांचा मोठा हात होता, तेच हे कँडी. म्हणजे हा पूर्णविराम आपल्याकडे इंग्रजीच्या संगतीने आला, पण तो कुठे द्यायचा हे आपला कान अजूनही क्रियापदाला विचारून ठरवतो.

इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं. ‘आय लेफ्ट’ इथे, दुसऱ्याच शब्दाला, क्रियापद झालं. पुढे वाक्य हवं तेवढं लांबू शकतं: कधी, कुठे, का, कशासाठी. मराठी कान मात्र ‘मी नोकरी सोडली’ एवढं झालं की विसावतो आणि हात पूर्णविराम टेकवतो. मग आठवतं की कारण सांगायचं राहिलं, आणि नव्या वाक्यात ‘बिकॉज’ येतं. पत्रातले ‘व्हेअर’ आणि ‘बिकॉज’ हे दोन्ही तुकडे असेच जन्मले.

त्यात मराठी ‘कारण’ आपल्याला आणखी चकवतं. ‘मी आले नाही. कारण पाऊस होता.’ असं मराठीत आपण सगळे लिहितो, वर्तमानपत्रं लिहितात, ते कुणाला खटकत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात ‘कारण’ला गौणत्वसूचक अव्ययांत बसवलं असलं, तरी व्यवहारात ते नवं वाक्य सुरू करण्याइतकं स्वतंत्र झालेलं आहे. इंग्रजी ‘बिकॉज’ला ते स्वातंत्र्य औपचारिक लेखनात मिळत नाही. म्हणून या एका शब्दाच्या बाबतीत मराठी करून पाहण्याची युक्ती वापरू नये, ती दगा देते. ‘बिकॉज’ दिसलं की त्याच पूर्णविरामाच्या आत मुख्य वाक्य आहे का, एवढं पाहावं.

बाकीच्या जोडशब्दांना मराठी कान अचूक पकडतो. ‘इफ यू कम टुमॉरो.’ जर तू उद्या आलास… तर? ‘ऑल्दो ही स्टडीड हार्ड.’ त्याने खूप अभ्यास केला तरी… तरी काय? ‘व्हेन द बस रीच्ड स्वारगेट.’ बस स्वारगेटला पोहोचली तेव्हा… तेव्हा काय झालं? ‘तर?’, ‘तरी?’, ‘तेव्हा?’ असा प्रश्न ओठांवर आला, म्हणजे वाक्य लटकलेलं आहे. यातही एक गंमत पाहा. ‘ही स्टडीड हार्ड’ हे पूर्ण वाक्य आहे. त्याच्या डोक्यावर ‘ऑल्दो’ हा एक शब्द ठेवला आणि ते परावलंबी झालं. शब्द वाढला आणि वाक्य अपुरं झालं.

‘हू’, ‘विच’, ‘व्हेअर’ यांचंही तसंच. ‘आय मेट अ मॅन. हू वॉज फ्रॉम नागपूर.’ हल्ली मराठीतही ‘मला एक माणूस भेटला. जो नागपूरचा होता.’ असं वाचायला मिळतं. माझ्या कानाला ते मराठीतही खटकतं. ‘नागपूरचा एक माणूस भेटला’ असं आपण सहज बोललो असतो. इंग्रजीत तर तो उघड तुकडा आहे, अर्थात प्रश्न नसेल तर. ‘हू केम यस्टर्डे?’ हा प्रश्न म्हणून पूर्ण आहे. प्रश्नचिन्ह काढून पूर्णविराम दिला की तेच शब्द अपुरे.

उदाहरणं देतानाही अशीच चूक होते: ‘आय लाइक आउटडोअर गेम्स. सच अ‍ॅज खो-खो अँड कबड्डी.’ दुसऱ्या भागात ना कर्ता, ना क्रियापद. पूर्णविराम काढून तिथे स्वल्पविराम द्यायचा, एवढंच काम आहे. पत्राची पहिली ओळ याच जातीची: ‘विथ रेफरन्स टू’पासून ‘असिस्टंट’पर्यंत नुसती प्रस्तावना आहे, वाक्याला अजून सुरुवात व्हायची आहे.

आता या दोषावरचा एक चुकीचा उपाय. ‘बिकॉजने वाक्य सुरू करायचं नाही’ असा नियम अनेक वर्गांत शिकवला जातो. मुलं तुकडे करतात म्हणून कुणीतरी दारच बंद करून टाकलं. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, आय डिड नॉट कम’ हे वाक्य पूर्ण आहे, शुद्ध आहे आणि चांगलंही आहे. ‘बट’ किंवा ‘अँड’ने वाक्य सुरू केलं तरी ते अपूर्ण होत नाही, कारण हे शब्द पुढच्याला परावलंबी करत नाहीत. पहिला शब्द कोणता यावर काहीच अवलंबून नसतं. पूर्णविरामापर्यंत मुख्य वाक्य आलं की नाही, हे पाहायचं.

स्वतःचं लेखन तपासताना मी तीन कसोट्या लावायला सांगते. पहिली, त्या शब्दांचा हो-नाही उत्तराचा प्रश्न करून पाहा, मात्र एकही शब्द गाळायचा नाही. ‘आय लेफ्ट द जॉब इन मार्च’ याचा होतो ‘डिड आय लीव्ह द जॉब इन मार्च?’ ‘बिकॉज द ऑफिस शिफ्टेड’ याचा ‘बिकॉज’ ठेवून असा प्रश्न होतच नाही. दुसरी, त्यापुढे ‘आय बिलीव्ह दॅट’ लावा. ‘आय बिलीव्ह दॅट बर्ड्स फ्लाय’ जुळतं. ‘आय बिलीव्ह दॅट होपिंग फॉर अ पॉझिटिव्ह रिप्लाय’ कोलमडतं. रेई नोगुची या अमेरिकेतल्या अध्यापकाने १९९१ साली व्याकरण आणि लेखन शिकवण्यावरच्या आपल्या छोट्या पुस्तकात याच धर्तीची कसोटी मांडली आहे. व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता मुलांच्या कानाचा वापर करावा, हा त्यामागचा विचार मला फार पटतो. आज्ञार्थाला ही कसोटी लावायची तर आधी ‘यू’ जोडून घ्यावा लागतो आणि प्रश्नार्थक वाक्यांना ती लागू नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तिसरी कसोटी सगळ्यांत साधी, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत गुणकारी. मजकूर शेवटच्या वाक्याकडून वर वाचत जा. आधी शेवटचं वाक्य, मग त्याच्या आधीचं. असं केलं की मागच्या वाक्याचा आधार सुटतो. जे स्वतःच्या पायावर उभं आहे ते उभं राहतं, बाकीचे तुकडे तिथल्या तिथे पडतात. संगणकावरही वर्डमध्ये लिहिताना अशा तुकड्याखाली रेघ येते आणि ‘फ्रॅगमेंट’ असा इशारा मिळतो. त्याची मदत जरूर घ्या, पण निकाल आपल्या कानाने द्या.

तुकड्यांची भीती बसली की काही जण उलट्या टोकाला जातात आणि दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने चिकटवतात: ‘द ऑफिस शिफ्टेड, आय लेफ्ट द जॉब.’ मराठीत ‘ऑफिस हललं, मी नोकरी सोडली’ हे चालतं. इंग्रजीत औपचारिक लेखनात दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम पुरत नाही. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा स्वल्पविरामानंतर ‘सो’, ‘अँड’, ‘बट’ घाला. ‘देअरफोर’ आणि ‘हाउएव्हर’ मात्र या कामाचे नाहीत. आपल्या ‘म्हणून’मध्ये ‘सो’ आणि ‘देअरफोर’ दोन्ही मावतात, त्यामुळे ते सारखेच वाटतात. ‘देअरफोर’च्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविरामच हवा.

तुकडा नेहमीच चुकीचा असतो का? नाही. ‘नो पार्किंग’ ही पाटी, बातमीचा मथळा, ई-मेलचा विषय, ‘कुठे निघालीस?’ला दिलेलं ‘टू द मार्केट’ हे उत्तर, ‘व्हॉट अ लव्हली मॉर्निंग!’ असा उद्गार, हे सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत. बायोडेटामध्ये कामांची यादी देताना ‘प्रिपेअर्ड मंथली जीएसटी रिटर्न्स’ असं कर्ता गाळून लिहिण्याची रीतच आहे. त्याच बायोडेटासोबतच्या पत्रात मात्र ‘आय प्रिपेअर्ड’ हवं. आयईएलटीएसच्या लेखन परीक्षेत एका तासात किमान दीडशे आणि अडीचशे शब्दांची दोन उत्तरं लिहायची असतात आणि ती टिपणवजा न लिहिता पूर्ण वाक्यांत लिहावी लागतात. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी हे विसरू नये.

साहित्यात तर मोठमोठ्या लेखकांनी तुकड्यांनी अप्रतिम कामं केली आहेत. चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी १८५२-५३मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात नुसत्या एका शहराच्या नावाने होते आणि पुढे धुकं, चिखल, गर्दी यांची वर्णनं मुख्य क्रियापदाशिवाय एकामागून एक येत राहतात. सगळं शहर जागच्या जागी गोठल्यासारखं वाटतं, कारण वाक्यात काही ‘घडत’च नाही. क्रियापद गाळल्याने काय होतं हे डिकन्सला पुरतं ठाऊक होतं. शिकणाऱ्याने आधी पूर्ण वाक्य हातात पक्कं बसवावं, मग हवं तिथे जाणूनबुजून मोडावं.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. २००० सालापासून ते आपल्या राज्यात पहिलीपासून सुरू झालं. मुलांना शब्द लवकर भेटू लागले ही चांगली गोष्ट आहे. पण शब्दांनंतर वाक्याची जाण यायला कुणीतरी शेजारी बसून ‘जाऊन काय?’, ‘आलास तर काय?’ असं विचारावं लागतं. हे काम आईवडीलही करू शकतात. त्यासाठी स्वतःला फर्डं इंग्रजी येण्याची गरज नाही. मुलाने लिहिलेल्या ओळीचा अर्थ मराठीत सांगायला लावायचा आणि आपला कान उघडा ठेवायचा. ‘कारण’ आणि गळलेला कर्ता किंवा ‘इज’ हे अपवाद सोडले, तर ही चाळणी क्वचितच चुकते.

त्या मुलीशी मी असंच बोलत बसले. पाऊण तासाने तिने पत्राचा तो भाग स्वतः पुन्हा लिहिला. ‘हॅव वर्क्ड’चं ‘वर्क्ड’ झालं, कारण ती नोकरी आता संपलेली होती. ‘फर्म’ हा शब्द ‘व्हेअर’च्या लगेच आधी यावा म्हणून तिने ‘फॉर टू इयर्स’ उचलून पुढे नेलं. सात पूर्णविरामांचे चार झाले:

‘विथ रेफरन्स टू युअर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट, आय विश टू अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट. फॉर टू इयर्स आय वर्क्ड इन अ ट्रेडिंग फर्म, व्हेअर आय हँडल्ड जीएसटी रिटर्न्स अँड डेली बिलिंग. आय लेफ्ट द जॉब इन मार्च बिकॉज द ऑफिस शिफ्टेड टू अनदर सिटी. आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय.’

ते तिने खालून वर वाचून पाहिलं, कुठे अडलं नाही. मग तिने विचारलं, ‘मॅडम, व्हेअरच्या आधी स्वल्पविराम दिला, मग बिकॉजच्या आधी का नाही?’ प्रश्न चांगला होता. कारण मागून आलं तर ते सहसा वाक्याच्या अंगाला लागूनच राहतं, मध्ये स्वल्पविराम लागत नाही. तेच पुढे नेलं, ‘बिकॉज द ऑफिस शिफ्टेड टू अनदर सिटी’ने वाक्य सुरू केलं, की ‘सिटी’नंतर स्वल्पविराम द्यायचा आणि मग ‘आय लेफ्ट द जॉब’. तिने पेन उचललं आणि ते वाक्य तसंही एकदा लिहून पाहिलं.